काही झालं नाही

जेवण झालं की मी पर्समधून गोळ्यांची डबी काढते. सात खणांची, पांढऱ्या प्लास्टिकची, वारांची अक्षरं निम्मी पुसलेली. मे महिन्यात पेडण्याला माहेरी गेले होते तेव्हाही काढली. घोटांचं सासव जेवून सगळ्यांना सुस्ती आली होती, पंखा गरम वाराच फिरवत होता, आणि आत्या सोप्यावर भिंतीला टेकून सुपारी कातरत बसली होती. मी गोळी तोंडात टाकून तांब्या उचलला, तसा तिचा अडकित्ता थांबला.

"बाय, ही गोळी कधीपासून घेतेस?"

"चार वर्षं झाली."

"मग काय झालं तिनं?"

"काही झालं नाही."

"काहीच झालं नाही, तर घेतेस कशाला?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आत्या ८४ वर्षांची आहे, आणि औषधाची परीक्षा तिनं जन्मभर एकाच रीतीनं केली आहे. दुखत होतं, लावलं, थांबलं. गुडघ्याला तेल, पोटाला ओवा, तापाला काढा. जे आधी होतं ते नंतर नसलं पाहिजे, तरच ते औषध. तिची स्वतःची रक्तदाबाची गोळी तिनं याच हिशोबानं बंद केली होती. पाकीट संपलं, बरं वाटत होतं, पुन्हा आणलं नाही. "या वयात प्रेशर असायचंच," असंही म्हणाली. मी काहीतरी पुटपुटले, कोलेस्टेरॉल, धमन्या, पुढे त्रास नको म्हणून. तिनं मान हलवली आणि सुपारीकडे वळली. संध्याकाळी पणजीला परतताना कोलवाळच्या पुलावर बस संथ झाली, खाली शापोरा नदी ओहोटीला लागलेली होती, आणि माझ्या डोक्यात तिचा प्रश्न तसाच होता. चार वर्षं रोज घेते आहे. काय झालं?

त्याच पुलावर बाबांनी शेवटचं पाणी मागितलं होतं.

१९९४ चा नोव्हेंबर. तुळशीचं लग्न आदल्या रात्री झालं होतं. वृंदावनाला दिलेला चुना अजून ओलसर दिसत होता, ऊस आणि चिंचेआवळ्याच्या डहाळ्या तशाच बांधलेल्या, अंगणात फुटलेल्या फटाक्यांचा लाल कागद. बाबा सकाळी उठले ते छातीत जळजळतंय म्हणत. डावा खांदाही भरून आलाय म्हणाले, पण आदल्या दिवशी त्यांनीच मांडवाचे वासे उचलले होते. "गॅस झालाय." आत्यानं कोमट पाण्यातून ओवा दिला. मग दुकानावरून लिंबू-सोडा मागवला. पाठीला खोबरेल चोळलं. त्यांना घाम सुटला तो तिनं पदरानं पुसला. नंतर कित्येक वर्षं ती एकच वाक्य म्हणायची, "घाम थंड होता गं त्याचा." तीन तास ते सोप्यावर बसून होते, मधूनमधून बरं वाटतंय म्हणत. मग टॅक्सी. म्हापसा आलाच नाही. बाबा ५२ वर्षांचे होते, मी वीस.

पंधरवड्यानंतर त्यांचे कागद आवरताना टेबलाच्या खणात ॲस्पिरिनचं पाकीट सापडलं. डोकेदुखीसाठी आणलेलं, दोन गोळ्या उरलेल्या. तेव्हा त्याचं मला काहीच वाटलं नाही. पुष्कळ पुढे, माझ्याच तपासण्यांच्या निमित्तानं वाचत गेले तेव्हा कळलं की १९८८ मध्येच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण. त्यांतल्या ज्यांना ॲस्पिरिन मिळालं, त्यांच्यातले पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शनही सोबत मिळालं तर फायदा जवळजवळ दुप्पट. ॲस्पिरिन चावून खायचं, म्हणजे ते लवकर लागू पडतं. सोप्यापासून तो खण दहा पावलांवर होता. हे मी आत्याला आजवर सांगितलेलं नाही.

पण हीच गोळी आमच्या वाड्यावर आज तीन घरांत रोज रात्री घेतली जाते, "रक्त पातळ राहावं" म्हणून. तिघांनाही हृदयाचा कधी काही त्रास झालेला नाही, आणि कोणीतरी घेतं म्हणून ते घेतात. मला याची काळजी वाटते. २०१८ साली आलेल्या अभ्यासात १९,११४ निरोगी म्हाताऱ्या माणसांना रोज थोडं ॲस्पिरिन किंवा औषध नसलेली पोकळ गोळी दिली होती. हृदयविकार काही कमी झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. झटका येत असताना जी गोळी प्राण वाचवते, ती सुखरूप माणसानं वर्षानुवर्षं घेतली तर पोटात नाहीतर मेंदूत रक्त वाहू शकतं. ज्याला स्टेंट बसलाय त्याची गोष्ट वेगळी. त्यानं ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नये. शेजारच्या काकांना मी एवढंच म्हटलं, की पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा, ही कोणी लिहून दिली होती. ते जरा रागावले.

माझी गोळी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी आहे. तिचं मूळ बुरशीत आहे, आणि गोव्यात पावसाळे काढलेल्या माणसाला बुरशीबद्दल सांगायला नको. जुलै आला की कपाटातल्या चपलांवर पांढरी लव धरते, पोथ्यांच्या कडा काळवंडतात, उकड्या तांदळाचं पिंप उघडलं तर एक कोंदट वास नाकात शिरतो आणि आत्या सूप घेऊन ते तांदूळ चुलीपाशी पसरते. अकिरा एंडो नावाचा जपानी शास्त्रज्ञ अशाच बुरश्या गोळा करत होता. त्याचा तर्क असा, की बुरशीला दुसऱ्या सूक्ष्मजीवांशी झगडायचं असतं, तेव्हा कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ बनवायची त्यांची वाट अडवणारं रसायन एखाद्या बुरशीपाशी असेल. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांत सुमारे ६,००० नमुने तपासले. १९७३ मध्ये ते रसायन मिळालं, क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत. मी जन्मले ते हेच वर्ष. रात्री गोळी हातावर घेते तेव्हा कधीकधी तो तांदूळ डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडे तो झटकून, पाखडून, उन्हात घातला असता.

आणि मग १९९४ चा तोच नोव्हेंबर. बाबांचे दिवस चालू होते. त्याच दिवसांत, १९ तारखेला, लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ रुग्णांचा अभ्यास छापून आला. सगळे आधीच हृदयाचा त्रास असलेले. निम्म्यांना स्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि सरासरी साडेपाच वर्षं वाट पाहणं. पोकळ गोळीवाल्यांत २५६ माणसं गेली. स्टॅटिनवाल्यांत १८२.

चौऱ्याहत्तर.

या आकड्यापाशी मी फार वेळ थांबले. त्या चौऱ्याहत्तर जणांना आपण कोण हे माहीत नाही. ते आपापल्या गावी भाजी आणत राहिले, नातवंडांना शाळेत सोडत राहिले, बर्फ उपसत राहिले, आणि एखाद्या मंगळवारी त्यांना जो झटका येणार होता तो आला नाही. त्या मंगळवारी त्यांनी कोणाला फोन केला नाही की देवाला हात जोडले नाहीत. यादी काढायची म्हटली तरी निघणार नाही, कारण गोळी न घेताही जे जगलेच असते ते आणि हे एकाच गर्दीत मिसळलेले. त्यांच्या डॉक्टरांनाही ओळखता येणार नाहीत. दिसतो फक्त दोन आकड्यांमधला फरक. आत्याला हेच सांगायला हवं होतं, आणि पेडण्याच्या सोप्यावर ते मला सुचलं नव्हतं. "काही झालं नाही" हे त्या गोळीचं अपयश नव्हे. तिच्याकडून मिळायचं असतं ते एवढंच, आणि ते मलाच मिळालं की नाही हे मला मरेपर्यंत कळणार नाही.

बाबांना त्या अभ्यासात जागा नसती, कारण त्यांना कोणी कधी हृदयाचा रुग्ण म्हटलंच नव्हतं. पण पुढच्या नोव्हेंबरात, आम्ही वर्षश्राद्धाची तयारी करत होतो त्या सुमारास, स्कॉटलंडचा अभ्यास आला. ६,५९५ पुरुष, ४५ ते ६४ वयाचे, कोलेस्टेरॉल जास्त, पण झटका कधी न आलेले. त्यांच्यातही स्टॅटिननं झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्यात एक जागा बाबांसारख्याची होती. हा विचार मी पुष्कळदा दूर सारला आहे. विज्ञान आपल्या चालीनं चालतं, कोणाच्या घरची तिथी पाहून येत नाही. तरी एका वर्षाचं अंतर टोचतं.

गोळी सुरू केली तेव्हा पहिले तीन महिने माझ्या पोटऱ्या दुखायच्या. मी ती बंदच करणार होते. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला एका छोट्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. प्रत्येकाला बारा बाटल्या, एकेका महिन्याची एकेक. चारांत स्टॅटिन, चारांत पोकळ गोळ्या, चार रिकाम्याच. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात त्रास सगळ्यांत कमी. गोळीच्या महिन्यांत जो त्रास वाढला, त्यातला ९० टक्के पोकळ गोळीनंही तसाच झाला. म्हणजे दुखणं खोटं नव्हतं, त्या माणसांना खरंच दुखत होतं. ते गोळी घेण्याच्या धास्तीतून येत होतं. काही जणांना स्टॅटिननं स्नायूंचा खरा त्रासही होतो, ते त्यांनी मला तितक्याच स्पष्टपणे सांगितलं आणि रक्त तपासून घेतलं. पुढे दुखणं ओसरलं. केव्हा, ते आठवतही नाही.

गेल्या वर्षी त्यांनीच आणखी एक तपासणी लिहून दिली, लायपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. आयुष्यात एकदा केली की पुरते म्हणाल्या, कारण हा आकडा जन्माबरोबर येतो आणि फारसा बदलत नाही. चालणं, पथ्य, उपास, कशालाही तो दाद देत नाही. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी हा कण शोधला. जगात साधारण पाचांतल्या एकाच्या रक्तात तो जास्त असतो. माझा आकडा ९२ मिलिग्रॅम निघाला. ५० च्या वर गेला की जोखीम मोजायला लागतात. आईचा तपासला, तिचा अगदी कमी. म्हणजे हा बाबांकडून आला. घर, भाट, आंब्याची दोन झाडं, माझं रुंद कपाळ, आणि हे. इतकी वर्षं मला वाटायचं बाबांनी हाताला लागेल असं माझ्यापाशी काही ठेवलं नाही. रिपोर्टचा कागद मी तिजोरीत, त्यांच्या फोटोखाली ठेवला. हा आकडा ८० टक्क्यांहूनही जास्त खाली आणणारी इंजेक्शनं तयार झाली आहेत, पण आकडा उतरला म्हणजे झटका टळतोच असं नाही. ते पाहायला हजारो माणसांवरचे अभ्यास लागतात. तोवर माझ्या हातात बाकीच्या गोष्टी आहेत, रक्तदाब, साखर, दुसरं कोलेस्टेरॉल. बावन्न देशांतल्या रुग्णांच्या एका अभ्यासात दिसलं होतं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या आसपास. येत्या डिसेंबरात मी ५२ पूर्ण करते.

चतुर्थीला पुन्हा गेले. या खेपेला आत्याच्या गोळ्या घेऊनच गेले. तिला आधी आरोग्य केंद्रावर नेलं, रक्तदाब १७८ भरला, गोळी पुन्हा सुरू झाली. "या वयात असायचंच" असं तीच म्हणते असं नाही. एकेकाळी डॉक्टरही तेच म्हणत. फ्रेमिंगहॅम नावाच्या अमेरिकन गावात १९४८ पासून ५,२०९ माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहिले, तेव्हा कुठे कळलं की म्हातारपणी चढलेला रक्तदाब निरुपद्रवी नसतो. आमच्या केंद्रावरच्या नर्सबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली जी ऐकून मी तिथल्या बाकावर थोडा वेळ बसून राहिले. आता छातीत दुखतंय म्हणून कोणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आलं, तर तिथेच ईसीजी काढतात, तो तारेशिवाय तज्ज्ञांपर्यंत जातो, काही मिनिटांत उत्तर येतं, आणि गाठ विरघळवायचं महागडं इंजेक्शन तिथेच फुकट देऊन रुग्णाला बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवतात. स्टेमी-गोवा म्हणतात त्या योजनेला. १०८ ला फोन केला की गाडी येते. मी विचारलं, लोक येतात का वेळेत? त्या म्हणाल्या, "येतात. पण सोडा पिऊन येतात."

उरलं मीठ. आमच्या घरी मीठ आगरवाड्याचं. उन्हाळ्यात आगरांत पांढरे ढीग उभे राहतात, मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरतीचं पाणी घेतात, ते उन्हात आटतं, आणि पहिला पाऊस पडायच्या आत मीठ काढून झावळ्यांखाली झाकायचं असतं. बाबा दोन पोती आणायचे. करडं, जाडं, किंचित ओलं. पावसात त्याला पाणी सुटतं आणि मडक्याच्या बुडाशी खारट तळं साचतं. आत्याच्या बरणीतले तोर, म्हणजे कोवळे कच्चे आंबे, याच मिठात मुरतात. सकाळच्या पेजेबरोबर एक तोर, अख्खा. जाडं मीठ प्रकृतीला बरं असं गावात सगळेच सांगतात, पण रक्तदाबाला जाडं-बारीक दोन्ही मिठं सारखीच. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीनच्या ६०० गावांत जवळजवळ २१,००० माणसांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात कोणाचं जेवण हिरावलं नाही. निम्म्या गावांत मिठात पाव हिस्सा पोटॅशियमचं मीठ मिसळून दिलं, एवढंच. पाच वर्षांत तिथे पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पण मूत्रपिंड दुबळं असेल तर तेच मीठ धोक्याचं, आणि आत्याची तपासणी अजून व्हायची होती. मग मी काय करणार? आगरातल्या मिठावर वाढलेल्या बाईला तोर सोड म्हणू?

पंचमीच्या संध्याकाळी गणपतीवर टांगलेली माटोळी उतरवून झाली होती, घरात निरव वाटत होतं. तिच्या हातावर गोळी ठेवून मी तिला त्या चौऱ्याहत्तर जणांची गोष्ट सांगितली. जमेल तशी, बोटांवर मोजत. ती ऐकत होती. मग म्हणाली,

"बाबू त्यांतला झाला असता?"

"माहीत नाही, आत्या. कोणालाच सांगता येत नाही."

बराच वेळ ती समईकडे बघत राहिली. एकतीस वर्षांत कधी न बोललेलं वाक्य ती हळूच बोलली. "सोडा मी दिला त्याला."

टेबलाचा खण माझ्या पाठीमागेच होता. मी तिचा हात धरला. नारळाच्या तेलाचा वास येतो अजून त्या हातांना. "तेव्हा कोणालाही कळलं नसतं," म्हटलं, आणि ॲस्पिरिनचं काही बोलले नाही. ते माझ्यापाशीच राहू दे.

सकाळी उठले तर ती माझ्या आधी चुलीपाशी होती. पेज उकळत होती. ओट्यावर एका वाटीत तोर पाण्यात बुडवून ठेवला होता आणि शेजारी काल दिलेलं पाकीट.

"दोन पाणी बदलली," ती म्हणाली. "आणि गोळी पेजेच्या आधी की नंतर?"